वहिनी म्हणून हाक मारलेली आई

पत्र बरंच लांब होतं. ओळख पटेल असे तपशील काढून, आटोपशीर करून देते आहे.

“ताई, माझं वय ४३. पुण्यात नोकरी करते. माहेर मंगळवेढ्याच्या बाजूला, जिरायती शेती. चौदा माणसांच्या घरात वाढले. दीर-नणंदा माझ्या आईला ‘वहिनी’ म्हणायचे, म्हणून आम्ही भावंडंही वहिनीच म्हणायला लागलो. ‘आई’ म्हणजे आजी. वहिनीनं मला कधी जवळ घेतल्याचं आठवत नाही. मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, टाकून बोलली नाही. बोललीच नाही. दहावीत शाळेत दुसरी आले तेव्हा ‘बरं झालं’ म्हणाली आणि धारेला गेली. घरात मला धोंडी म्हणत, शाळेत पोरं त्यावरून चिडवायची. ते नाव वहिनीनंच ठेवलेलं. (माझ्याआधी एक मुलगा होऊन गेला, असं आत्या एकदा म्हणाली होती. घरात त्याबद्दल कुणी बोलत नाही.)

चार महिन्यांपूर्वी माझी गर्भपिशवी काढली. वहिनी आली, पाच दिवस राहिली. डबे घासले, फरशी पुसली, भाकरी केल्या. माझ्या पलंगावर एकदाही टेकली नाही. दुखतंय का, म्हणून विचारलं नाही. पाचव्या दिवशी ‘ज्वारी काढायचीय’ म्हणून गेली. मध्यंतरी माहेरी गेले तर भावाच्या चार वर्षांच्या मुलीला ती दिवसभर कडेवर घेऊन फिरत होती, तिचे मुके घेत होती. मी आतल्या खोलीत जाऊन रडले. म्हणजे तिला येतं की! मग माझ्याच वाट्याला का नाही?

आजी २००९ मध्ये गेली, वडील तीन वर्षांपूर्वी. वहिनी ६६ वर्षांची आहे, दुसरीपर्यंत शिकलेली, सोळाव्या वर्षी लग्न झालेली. स्वतःहून मला कधी फोन करत नाही. लहानपणापासूनचं सगळं मी चार पानांत लिहून काढलंय. दिवाळीत सगळे जमतील तेव्हा तिला वाचून दाखवणार आहे. नवरा म्हणतो, या वयात तिला कशाला त्रास देतेस. मैत्रीण म्हणते, तोडून टाक. मला झोप लागत नाही. माझी मुलगी १५ वर्षांची आहे. तिला मी रोज जवळ घेते. हल्ली ती अंग काढून घेते आणि मला ते सहन होत नाही. काय करू?”

चार पानं लिहिलीत ते बरं केलंत. दिवाळीत मात्र ती वाचू नका. का, ते पुढे सांगते.

आधी तुमच्या दोन सल्लागारांबद्दल. त्रास देऊ नकोस म्हणणारा नवरा आणि तोडून टाक म्हणणारी मैत्रीण, दोघांनाही तुमचं रडणं लवकर थांबायला हवंय. त्यात वाईट काही नाही. पण घाईनं दिलेला सल्ला आहे तो. आपल्याकडे अशा वेळी ‘तिनंही सोसलंय गं’ हे वाक्य पातेल्यावर झाकण ठेवावं तसं ठेवून देतात. आत काय उकळतंय ते दिसेनासं होतं, एवढाच त्याचा उपयोग. तुमच्या आईनं काय सोसलं असेल ते मीही पुढे लिहिणार आहे, पण त्याआधी एक गोष्ट नीट मांडून ठेवते: तुम्हाला जे मिळालं नाही, ते मिळालं नाही. कुणी म्हणेल, भाकरी केल्या, फरशी पुसली, तेच तिचं प्रेम. असेलही. पुसलेल्या फरशीवर डोकं ठेवून रडता येत नाही. ‘दुखतंय का’ हे दोन शब्द ४३ व्या वर्षी आईकडून हवेसे वाटतात, यात लाजण्यासारखं काहीही नाही.

आता धोंडी. तुमच्या पत्रात सगळ्यात झोंबणारा राग या नावाचा आहे, आणि मी नेमकी तिथंच थांबले. ज्या घरात मूल जगत नसे तिथं पुढच्या मुलाचं नाव दगडू, धोंडू, केरू असं ठेवायची रीत आपल्याकडे होती. मुलगी असली तर धोंडी, दगडी. नजर लागू नये, न्यायला आलेल्यानंही म्हणावं की हा तर दगड, याला नेऊन काय करायचं. देवाला फसवायची ती एक भाबडी युक्ती होती. तुमच्याआधीचा मुलगा गेला, हे तुम्ही कंसात लिहिलंय. कंसात का, ते मला कळलं, कारण तुमच्या घरानंही ते कंसातच ठेवलंय. १९८० च्या सुमारास आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार मुलांमागे शंभराहून अधिक मुलं वर्षाच्या आत जात होती. दुःख घरोघरी होतं आणि घरोघरी होतं म्हणूनच त्याला बसायला वेगळी जागा कुणी दिली नाही. मूल गेलेली बाई सुगी आली की रानात दिसायची.

त्या नावावरून मला एवढंच दिसतं की तुम्ही जन्मलात तेव्हा त्या घरात कुणीतरी फार भ्यायलेलं होतं. जिनं हे नाव ठेवलं ती चारचौघांत ‘गोड गं माझी बाय’ म्हणायला धजावली असती का? कौतुक केलं की दृष्ट लागते, हे जिच्या हाडात मुरलंय ती बाई लेकीकडे बघून न बघितल्यासारखं करते. वर्ष जातं, दोन जातात, मूल जगतं, आणि न बघायची सवय तेवढी मागे राहते. दहावीच्या निकालाला ‘बरं झालं’ याच्यापुढं तिची जीभ रेटली नसेल. हा माझा अंदाज आहे, त्याला पुरावा समजू नका. आणि शाळेत ज्या मुलीला धोंडी धोंडी म्हणून रडवलं तिला यातलं काही कुणी समजावून सांगितलं नव्हतं, हेही तितकंच खरं.

भाचीला कडेवर घेते, मला का नाही. पत्रातला खरा प्रश्न हाच, बाकी सगळं त्याच्या भोवती आहे. माझ्या आजोळी माझा मामा स्वतःच्या तान्ह्या मुलाला आजोबांसमोर उचलत नसे. मूल रडून लाल झालं तरी मामा खांबाला टेकून उभा, मामी चुलीपुढं. वडीलधाऱ्यांदेखत आपलंच मूल मांडीवर घेऊन लाड करायचे म्हणजे बेअदबी. मूल घराचं, म्हणजे सासूचं. सुनेनं पाजायला तेवढं घ्यायचं, मग परत पाळण्यात टाकून कामाला लागायचं. तुमच्या घरात तर भाषेनंच हे पक्कं करून टाकलं होतं. ‘आई’ हा शब्द आजीकडे गेला आणि जन्म दिलेली बाई स्वतःच्या लेकरांचीही वहिनी झाली. या गोष्टीला आपण गमतीनं हसतो, माझ्याही ओळखीत वडिलांना ‘भाऊ’ आणि आईला ‘काकी’ म्हणणारी पाच-सहा घरं आहेत. तुमचं पत्र वाचल्यावर मला त्यात गंमत कमी वाटायला लागली.

तुमची भाची ज्या घरात कडेवर बसते त्या घरात आता तुमची आईच सगळ्यांत थोरली. तिला कुणी काही म्हणणारं उरलेलं नाही. नातीबरोबर ती जे करते ते कदाचित तुमच्या वेळी राहून गेलेलं असेल, आणि ते बघताना तुम्हाला होणारी आग मला समजते. राहून गेलेलं माझं होतं आणि मिळतंय दुसरीला, असं ते आहे.

तुम्ही विचाराल, आजी २००९ मध्ये गेली, मग त्यानंतर का नाही? तेव्हा तुम्ही २७ वर्षांच्या, कडेवर घ्यायच्या वयाच्या नव्हतात. वाढलेल्या, शिकलेल्या, शहरातल्या लेकीच्या जवळ कसं जायचं, हे तिला ठाऊक नसावं. पण इथं मी तिची बाजू घेणार नाही. नातीला हाक मारायला शिकता येतं, तर लेकीलाही विचारायला शिकता आलं असतं. गर्भपिशवी काढलेल्या लेकीच्या पलंगावर टेकायला कुठल्या सासूची आडकाठी नव्हती. ती चूक तिची आहे आणि तुम्हाला त्याचा राग आला तर तो रास्त आहे.

हिशोब केला तर तुमची आई १९५९ च्या आसपासची. म्हणजे १९७२ च्या दुष्काळात ती १३ वर्षांची होती. सोलापूर जिल्ह्यातल्या त्या वयाच्या मुलीला तो दुष्काळ म्हणजे काय होता, ते आज डोळ्यांपुढं आणणं अवघड आहे. खडी फोडायची कामं, पाझर तलाव, वाटपाची सुकडी, परदेशातून आलेली ती तांबडी मिलो ज्वारी. घरातली मोठी माणसं कामावर आणि ही बहुधा धाकट्यांना सांभाळत तिथंच झाडाखाली, नाहीतर तीही पाटी उचलायला. तीन वर्षांत लग्न. तेव्हा मुलीच्या लग्नाचं कायदेशीर वय १५ होतं, १८ झालं ते १९७८ मध्ये. ‘तुला काय वाटतं’ हा प्रश्न तिला आयुष्यात कुणी विचारलाय का, मला शंका आहे. जो प्रश्न आपल्याला कधी आलाच नाही, तो दुसऱ्याला विचारायचा असतो हे सुचायला वेळ लागतो. काहींना सुचतच नाही.

तर दिवाळी. घर भरलेलं, पाटावर भाऊ, ओवाळणीचं ताट, आणि तुम्ही सून-नातवंडं-जावयासमोर ६६ वर्षांच्या विधवा आईला चार पानांचं आरोपपत्र वाचून दाखवताय. ती काय करेल? तुम्ही तिला माझ्यापेक्षा चांगलं ओळखता. दुसऱ्या पानाला उठून धारेला जाईल. भाऊ म्हणेल, सणासुदीला हे काय काढलंस. आणि तुम्ही पुण्याला परत येऊन पाचवं पान लिहाल.

पानं जपून ठेवा. ती तुमची आहेत, फाडायची नाहीत. त्यातलं एकच वाक्य निवडा. मला विचाराल तर पलंगाचं निवडा, कारण ते ताजं आहे, तिलाही आठवत असणार, आणि ते नाकारायला तिला ३० वर्षं मागं जावं लागणार नाही.

आणि दिवाळीच्या आधी, पंचमीच्या मागेपुढे, लेकी माहेरी जातात तसं चार दिवस एकट्याच जा. नवरा आणि मुलगी पुण्यात राहू देत. ‘आपल्याला बोलायचंय’ म्हणून तिच्यासमोर बसू नका, ती दार शोधेल. निवडायला धान्य घ्या, शेंगा फोडा, वाकळ शिवायला काढली असेल तर दुसऱ्या टोकाला बसून दोरा घाला. हात चालू असले आणि डोळे हातांवर असले की आपल्याकडच्या बायका बोलतात. माझ्या अनुभवात तरी, मोठी मोठी गुपितं मी सुपावर वाकलेल्या तोंडून ऐकली आहेत, सोफ्यावर बसलेल्या तोंडून क्वचितच.

विचारायचं ते तिच्या मायेबद्दल विचारू नका. घडलेल्या गोष्टी विचारा. मी कुठं झाले, इथं का आजोळी? सुईण कोण होती? पाऊस होता का? पाचवी पुजायला कोण आलं होतं? तू रानात परत कधी गेलीस? आणि दोन दिवसांनी, सूर लागलाच तर, एकदाच: माझ्याआधीच्या बाळाचं नाव काय ठेवलं होतं?

‘काय की.’ ‘आता कशाला ते.’ ‘मला न्हाई आठवत.’ पहिल्या दिवशी बहुधा हीच उत्तरं येतील. मग धान्य निवडा. दुसऱ्या दिवशी पुन्हा एखादी गोष्ट विचारा. आपला मुद्दा पुढं सरकवायची घाई करू नका, ती वकिलाची सवय आहे आणि चार पानं लिहिणाऱ्या माणसाला ती असते.

तुमचं ते वाक्य निघायच्या आदल्या दिवशी सांगा. ‘वहिनी, दवाखान्यातनं आल्यावर तू माझ्याजवळ बसावंस असं मला फार वाटत होतं.’ एवढंच. त्यात ‘का’ घालू नका, ‘कधीच’ घालू नका. तसं केलंत तर ते पोलीस ठाणं होतं. आणि बोलून झाल्यावर गप्प राहा. हे सगळ्यांत कठीण जाईल. ती उठून गेली तर जाऊ दे. ती ऐकून गेलेली असेल, आणि तुम्ही ४३ वर्षांत पहिल्यांदा तिला तिच्या तोंडावर काहीतरी मागितलेलं असेल. पत्र मी तीनदा वाचलं. त्यात तुम्ही तिच्याकडे कधी काही मागितल्याचा एकही प्रसंग नाही. वाट बघितल्याचे मात्र पुष्कळ आहेत.

यातून काही निष्पन्न झालं नाही तर? होऊ शकतं. ६६ व्या वर्षी माणसं बदलतात तेव्हा फार थोडी बदलतात. मग तोडायला मी सांगणार नाही. तिनं मारहाण केली असती, पैसे उकळले असते, तुमच्या संसारात काड्या घातल्या असत्या, तर माझं उत्तर वेगळं असतं. इथं अंतराचं माप बदलून बघा. आठ दिवस राहून रोज दुखावून घेण्यापेक्षा दोन दिवस राहा. भाचीचे लाड चाललेले असताना तिथं बसून बघायची सक्ती नाही, रानात चक्कर मारून या. आणि ती आत्या, जी एकदाच बोलून गेली, ती हयात असेल तर तिच्याकडे जाऊन या. आईच्या तोंडून येणार नाही ते पुष्कळदा नणंदेच्या तोंडून येतं, थोडं मीठमसाला लावून का होईना.

तुमच्या झोपेबद्दल. चार महिने झोप नाही, हे सगळं आईच्या खात्यावर टाकू नका. डिस्चार्ज कार्ड काढून बघा, पिशवीबरोबर अंडाशयही काढलेत का. काढले असतील तर पाळी जाण्याचा जो बदल एरवी काही वर्षांत होतो तो तुमच्या अंगात एकदम झालाय: झोप उडणं, अंगातून वाफा, कारणाशिवाय रडू येणं. त्यावर उपचार आहेत. अंडाशय ठेवले असले तरी ज्यांनी ऑपरेशन केलं त्या डॉक्टरांना हे सांगायचंच, या आठवड्यात. मन फारच जड झालं, रात्री कुणाशी बोलावंसं वाटलं, तर सरकारची टेली-मानस सेवा आहे, १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं.

मुलीचं वाचून मला जरा हसू आलं. रागावू नका, स्वतःलाच हसले. माझी मुलगी तुमच्या मुलीएवढी असताना एकदा म्हणाली होती, “तू मला जवळ घेतेस तेव्हा मला वाटतं तू आजीला काहीतरी सिद्ध करून दाखवतेयस.” दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी कळलं की पोर खरं बोलली. पंधरा वर्षांची मुलगी अंग काढून घेते ते वयच तसं आहे. तुम्हाला त्यात वहिनी दिसते. तिनं पाठ फिरवली की तुम्ही एकदम धोंडी होता. तिला ते माहीत नाही आणि तिच्यावर ते ओझं टाकूही नका. मिठी नको असेल त्या दिवशी ‘जेवायला काय करू’ हेही नको. नुसतं विचारा, आज काय झालं शाळेत, आणि उत्तर संपेपर्यंत थांबा. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुम्हाला नेमकं तेच हवं होतं.

शेवटचं, फोनचं. ती स्वतःहून फोन करत नाही, हे तुम्ही मायेच्या हिशोबात धरलंय. ती दुसरी शिकलेली आहे. तिला फोन लावता येतो का, हे कधी बघितलंत? आलेला फोन हिरवं बटण दाबून उचलणाऱ्या आणि लावायची वेळ आली की नातवाला हाक मारणाऱ्या कितीतरी बाया मी बघितल्यात. आणि लेकीला करायचा फोन दरवेळी सुनेकडून लावून घ्यायचा म्हणजे तो नकोच, असंही होतं. पंचमीला जाल तेव्हा तिचा फोन हातात घ्या. बटणांचा असेल तर पुष्कळ फोनांत २ चा आकडा दाबून धरला की लागेल असा नंबर बसवता येतो. टचचा असेल तर तुमचा फोटो पहिल्याच पानावर लावून द्या, बोट ठेवलं की लागेल असा. चार वेळा तिच्याकडून लावून घ्या, तुम्ही अंगणात उभ्या राहा आणि उचला.

बसवण्यापूर्वी तिच्या फोनमध्ये तुमचा नंबर कुठल्या नावानं आहे ते बघा. घरातल्या कुणीतरी घातलेला असेल, बहुतेक ‘पुण्याची आत्या’ म्हणून. तो तसाच ठेवायचा की काय नाव घालायचं, ते तिलाच विचारा.